हॅवलॉक की नील? सहा जणांचे कुटुंब, तीन रात्री आणि अष्टमीचा भांग

नाशिकचे सहा जणांचे कुटुंब. आजोबा पंचाहत्तरीचे, हृदयात स्टेंट बसवलेला, रक्तदाबाची गोळी रोजची. आजी एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले, जिना उतरताना कठडा लागतोच. आई-वडील चाळिशीतले, वडिलांना पोहता येते, आईला नाही. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अंदमान, पाच रात्री आणि सहा दिवस. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, कारण विमान पोहोचल्यावर त्याच दिवशी पुढची बोट मिळेल याची खात्री नसते, आणि सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय आजोबा पुढे हलणार नव्हते. शेवटची रात्रही पोर्ट ब्लेअरला. त्याचे कारण पुढे येईल. प्रश्न मधल्या तीन रात्रींचा होता: हॅवलॉक की नील?

नावांचा गोंधळ आधीच मिटवलेला बरा. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामांतर झाले. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तिकिटावर, हॉटेलच्या पावतीवर आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावे सापडतात. बोटीचे आरक्षण करताना घरातल्या एकाने जुन्या आणि दुसऱ्याने नव्या नावाने शोध घेतला, तर तीच बोट दोन वेगळ्या बेटांची वाटू शकते. या लेखात बोलण्यातली जुनी नावे ठेवली आहेत.

ठरलेला साचा आणि त्याची किंमत

कुटुंबाच्या हाती आलेल्या तिन्ही प्रवास-आराखड्यांत एकच साचा होता: दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील. कागदावर तो छान दिसतो, कारण दोन्ही बेटांची नावे येतात. प्रत्यक्षात बेट बदलायच्या दिवसाचे काय होते ते तासांत मांडून पाहावे. सकाळी आठ-नऊला खोली सोडायची. बोटीच्या तासभर आधी जेटीवर हजर व्हायचे. सामान द्या, मूळ ओळखपत्र दाखवा, रांग लावा. हॅवलॉक ते नील पाऊण ते एक तास समुद्र. उतरल्यावर सामान शोधा, टॅक्सी ठरवा, नवी खोली बारापर्यंत मिळेल की नाही ते पाहा. दुपारचे जेवण होईपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. फेब्रुवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, म्हणजे उरतात जेमतेम तीन तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅगा.

यात पैशांपेक्षा चढ-उतार महागात पडते. एकाच बेटावर राहिले तर बोटीत चढणे दोनदा, साच्याप्रमाणे गेले तर तीनदा. बोट आणि धक्का यांच्यामध्ये टाकलेली फळी लाटेबरोबर वरखाली होत असते. ओहोटी असेल तर तिचा उतारही वाढतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही, पण गुडघे झिजलेल्या माणसाला तो सहलीतला सर्वांत कठीण मिनिट असतो. खासगी बोटीचे तिकीट एका फेरीला माणशी साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात जाते, म्हणून तिसऱ्या फेरीने सहा जणांचा खर्चही बराच वाढतो. तेव्हा पहिला निर्णय झाला तो बेटाचा नव्हे, तर एकच बेट घ्यायचे याचा.

‘म्हातारी माणसे आहेत, नील घ्या’

हा सल्ला सगळीकडून येतो, आणि वरवर पाहता तो बरोबर वाटतो. नील लहान आहे. जेटीपासून बेटाचे दुसरे टोकही पाच-सहा किलोमीटरांत येते. रहदारी कमी, भाताची आणि भाजीपाल्याची शेते, अंदमानच्या बाजारात जाणारी बरीच भाजी इथलीच. आजींचे मन तर नावांवरच बसले होते. पूर्व बंगालमधून आलेल्या विस्थापितांना फाळणीनंतर या बेटांवर वसवले गेले. नीलवरची गावे आहेत सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. हॅवलॉकवर मात्र गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. एकीकडे रामायण, दुसरीकडे कृष्णकथा. आजी रामाच्या बाजूच्या.

शांतता हवी म्हणून नील घेण्यात काही चूक नाही. चूक होते ती ‘शांत’ म्हणजे ‘सोपे’ असे धरल्यामुळे. वयस्कर माणसाला किनाऱ्यावर तीन गोष्टी लागतात: गाडीतून उतरून वाळूपर्यंत सपाट वाट, पाय रुतला तरी न खरचटणारी मऊ पुळण, आणि जवळ स्वच्छतागृह व बसायला सावलीतली जागा. या कसोटीवर दोन्ही बेटे तपासली तेव्हा चित्र उलटे झाले.

नीलचे किनारे मुख्यतः प्रवाळाच्या सपाट थरावर वसलेले आहेत. वाळूची पट्टी संपली की मेलेल्या प्रवाळाचे टोकदार खडक लागतात. भरतपूरला, जेटीच्या अगदी जवळ, उथळ आणि नितळ पाणी आहे, तळाला बरीच वाळूही आहे; काचेच्या तळाच्या बोटी तिथूनच सुटतात. मुलांसाठी तो नीलवरचा सर्वांत चांगला किनारा. पण तिथली मजा पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. लक्ष्मणपूरची नैसर्गिक कमान, जिला स्थानिक बंगाली लोक ‘हावडा ब्रिज’ म्हणत आले आहेत, ती पाहायला शेवाळलेल्या, खाचखळग्यांच्या खडकांवरून दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. आजींना ते शक्य नव्हते, आजोबांनी ते करू नये. म्हणजे नीलचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण सहापैकी दोघांसाठी बाद.

हॅवलॉकच्या राधानगरला मात्र दोन किलोमीटरच्या आसपास लांब, खडक नसलेली, हळूहळू उतरत जाणारी पांढरी पुळण आहे. २०२० मध्ये या किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्याच्या अटींमध्येच स्वच्छतागृहे, कपडे बदलायच्या खोल्या आणि जीवरक्षक येतात. गाडी झाडीच्या कडेपर्यंत जाते, तिथून पुळण काही पावलांवर. महुआच्या उंच झाडांखाली सावलीत बसून आजींना पाण्यात खेळणारा नातू दिसू शकतो. पोहता न येणाऱ्या आईलाही तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहता येते. गर्दी असते, हे खरे. पण ती जीवरक्षकांच्या नजरेखालची गर्दी आहे, आणि या कुटुंबासाठी ती गैरसोय नव्हती.

तक्ता: तिथी, भरती, ओहोटी

इथपर्यंत पारडे हॅवलॉककडे झुकले होते, पण निर्णय पक्का केला तो भरती-ओहोटीच्या तक्त्याने. अंदमानच्या सहलीत हा तक्ता विमानाच्या वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि जवळजवळ कोणताही प्रवास-आराखडा तो पाहत नाही.

कोकणातल्या माणसाला तिथीवरून भरती काढता येते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला मुंबई-रत्नागिरीकडे भरती बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब अंदमानात तसाच लावू नये. तिथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरती साधारण सकाळी आणि रात्री नऊ-दहाला येते, ओहोटी दुपारी आणि पहाटे तीन-चारला. अष्टमीच्या आगेमागे नेमके उलटे: ओहोटी सकाळी नऊ-दहाला, भरती दुपारी तीन-चारला. शिवाय चढ-उतारही कमी आहे. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी चार मीटरांहून अधिक वरखाली होते. पोर्ट ब्लेअरला उधाणाला सुमारे दोन मीटर, तर भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागच्या सर्वांत कमी चढ-उताराला, पाऊण मीटरच्या आसपास. नेमके आकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्ट ब्लेअरच्या तक्त्यात मिळतात. वर दिलेल्या वेळा फक्त आराखड्यापुरत्या. निघण्याआधी त्या तारखांचा तक्ता काढायलाच हवा.

या कुटुंबाच्या मधल्या तीन रात्री कृष्ण सप्तमी, अष्टमी आणि नवमीच्या होत्या, म्हणजे पुरता भांग. याचा दोन्ही बेटांवर परिणाम असा:

नीलवर कमानीखाली जायला पाणी चांगले हटावे लागते, आणि भांगाची ओहोटी तेवढे हटवत नाही. जे काही हटते तेही सकाळी नऊ-दहालाच. दुपारी जाऊन उपयोग नाही, तेव्हा भरती. चालता येणाऱ्या चौघांनाही कमान नीट दिसलीच नसती.

हॅवलॉकवर तेच पाणी फायद्याचे. दुपारी तीन-चारला भरती असल्याने राधानगरला संध्याकाळच्या अंघोळीला पाणी जवळ आणि भरलेले, पण भांग असल्याने पुळण गिळून टाकणारे नाही. सकाळच्या ओहोटीत पूर्वेकडच्या काळापथर किनाऱ्यावर वाळूची पट्टी मोकळी राहते. उधाणाच्या भरतीत तिथे उभे राहायलाही जागा कमी पडते. आणि स्कूबासाठी भांग हा सर्वांत चांगला काळ: पाणी कमी ओढते, तळचा गाळ कमी ढवळतो, पहिल्यांदा उतरणाऱ्याला स्थिर राहणे सोपे जाते.

आणखी एक लाभ कृष्णपक्षाचा. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे संध्याकाळचे आकाश काळोखे. हॅवलॉकच्या खारफुटीजवळ रात्री छोट्या होड्यांतून नेऊन पाण्यातल्या चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांचा उजेड दाखवतात. तो दिसायला काळोख लागतो. शुक्ल अष्टमी असती तर संध्याकाळी चंद्र डोक्यावर असता आणि पैसे वाया गेले असते.

बोटी, हवा आणि आजारपण

दोन्ही बेटे पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला, साधारण तितक्याच अंतरावर. खासगी जलद बोटीला हॅवलॉकपर्यंत दीड ते दोन तास, सरकारी बोटीला दोन ते अडीच. सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी बोटी हड्डो जेटीवरून. दोन जेटींची गल्लत करून बोट चुकणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिकिटावरचे जेटीचे नाव आदल्या रात्री टॅक्सीवाल्याला वाचून दाखवावे.

फरक पडतो तो फेऱ्यांच्या संख्येत. हॅवलॉकला दिवसभरात जास्त बोटी लागतात. एक बोट रद्द झाली तर दुसरी मिळण्याची शक्यता तिथे अधिक. सरकारी बोटीचे तिकीट स्वस्त असते, पण स्थानिक रहिवाशांचा त्यावर पहिला हक्क आहे आणि तो असायलाच हवा; त्यांचा दवाखाना, बाजार, कचेरी याच बोटींवर चालते. म्हणून पर्यटकाने सरकारी बोट पर्याय म्हणून मनात ठेवावी, भरवशाची म्हणून नव्हे.

फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सर्वांत शांत. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातून बरीच कुटुंबे अंदमानला जातात, ती नेमकी याच काळात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने बोटी बंद पडून हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाने त्यांना बाहेर काढले. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवायची ती यासाठी. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान गाठायचा बेत शांत महिन्यातही करू नये.

बोट लागणे हा विषय आजोबांच्या बाबतीत वेगळा हाताळावा लागला. प्रवासात घ्यायच्या नेहमीच्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांना लघवी अडकण्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांनी गोळीऐवजी साधे उपाय सुचवले: बोटीच्या मध्यभागी खालच्या मजल्यावरची जागा, दीड तास आधी हलका नाश्ता, नजर खिडकीबाहेर क्षितिजावर, मोबाइल खिशात. मुलांना गोळी वजनाप्रमाणे ठरवून, सुटण्याच्या तासभर आधी दिली. बोट हलू लागल्यावर गोळी घेण्याला अर्थ नसतो, ती पोटात टिकत नाही.

दोन्ही बेटांवर सरकारी आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णाला मात्र पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात हलवावे लागते. हॅवलॉक मोठे, औषधांची दुकाने जास्त, बोटी जास्त. शिवाय ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली चेन्नईची समुद्राखालची इंटरनेट केबल थेट स्वराज द्वीपापर्यंत पोहोचते. नीलचे नाव त्या केबलच्या ठिकाणांत नाही. स्टेंट असलेल्या माणसाबरोबर जाताना घरच्या डॉक्टरांना फोन आणि अहवालाचा फोटो वेळेवर पोहोचणे ही चैन नसते.

स्कूबा: कोण उतरणार, कधी

वडील आणि मुलगी यांचा हट्ट स्कूबाचा होता. नीलच्या आसपासही डुबकीची चांगली ठिकाणे आहेत. पण शिकवणाऱ्या केंद्रांची संख्या आणि पहिल्या डुबकीला योग्य उथळ जागा हॅवलॉकला जास्त. तिथल्या नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच चालत उतरता येते.

पहिल्या अनुभवाच्या डुबकीसाठी नेहमीचा नियम असा: वय किमान दहा, खोली जास्तीत जास्त बारा मीटर, प्रशिक्षक सतत हाताच्या अंतरावर. पोहता येणे बंधनकारक नसते. आठ वर्षांच्या मुलाला कुणी ‘चालवून घेऊ’ म्हणाले तरी पाठवू नये. आरोग्याच्या अर्जात दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब, कानाचा पडदा, फिट येणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हे सगळे विचारतात. तिथे खरे लिहायचे. आजोबांना स्कूबा नाही, आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून समुद्रतळावर चालवतात तेही नाही. तिथेही खोलीचा दाब तोच असतो.

सर्वाधिक बेत फसतात कानांपायी. खाली जाताना दर मीटरला, दुखायला लागण्याआधी, नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. तेव्हा थोडे वर येऊन पुन्हा करायचे. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकी रद्द. सर्दीची गोळी घेऊन उतरणे धोक्याचे, कारण तिचा असर खाली असताना संपला की वर येताना हवा अडकते.

दुसरा नियम विमानाचा. एक डुबकी झाली तर किमान १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास विमान नाही. डुबकीच्या वेळी नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डुबकी तिसऱ्या दिवशी ठेवली आणि विमान सहाव्या दिवशी होते. काही कारणाने डुबकी एक दिवस पुढे गेली तरी जागा शिल्लक राहावी.

ठरलेला बेत

दिवस पहिला: पोर्ट ब्लेअर, दुपारी विश्रांती, संध्याकाळी सेल्युलर जेल. दिवस दुसरा: सकाळच्या खासगी बोटीने हॅवलॉक, दुपारी अडीचपर्यंत राधानगर गाठायचे. दिवस तिसरा: पहाटे काळापथर, अकराला स्कूबा, रात्री होडी. दिवस चौथा: चौघांसाठी हॅवलॉकवरचाच एलिफंट बीच, दुपारी सर्वांनी पुन्हा राधानगर. दिवस पाचवा: सकाळ मोकळी, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान.

राहायला गोविंदनगर-विजयनगर पट्ट्यात तळमजल्यावरच्या दोन लगतच्या खोल्या घेतल्या. हॉटेलला तीन प्रश्न लेखी विचारले: खोलीपर्यंत किती पायऱ्या, संडास कमोडचा आहे का, वीज गेल्यावर जनित्रावर खोलीतला पंखा चालतो का. ‘समुद्रासमोर’ या शब्दांना इथे जास्त पैसे देऊ नयेत. या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीत पाणी लांब जाते आणि खडक उघडे पडतात. पाहायला सुंदर, पोहायला निरुपयोगी. राधानगर जेटीपासून सुमारे १२ किलोमीटर आहे, म्हणून सहा जणांसाठी तिन्ही दिवस एकच मोठी गाडी ठरवली. स्कूटर स्वस्त पडतात, पण सहा जणांच्या घरात त्या दोनच माणसांची सोय करतात.

वडिलांनी एक फाटा सुचवला होता: पाचव्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून नील, तिथे चार तास, आणि दुपारी नीलहून थेट पोर्ट ब्लेअर. धडधाकट चौघांसाठी हा उत्तम मार्ग आहे. इथे तो टाळला, कारण त्यात बोटीत चढणे एकाने वाढत होते आणि सगळे सामान दिवसभर कुठेतरी सांभाळावे लागले असते. चौघांनी जावे आणि आजी-आजोबांनी हॅवलॉकहून परस्पर निघावे, असाही विचार झाला. पण कुटुंब दोन बेटांवर विभागलेले असताना एक बोट रद्द झाली, तर वयस्कर दोघे अनोळखी जेटीवर एकटे राहतात. तो धोका एका कमानीसाठी घ्यावा असे नव्हते.

काय घडले

दुसऱ्या दिवशी राधानगरला भरती अपेक्षेप्रमाणे होती. आजी पाण्यापर्यंत चालत गेल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. जीवरक्षकांनी अंधार पडण्याआधी सर्वांना बाहेर काढले. इथे याबाबत हुज्जत घालू नये. या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूच्या एका खाडीजवळ मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. पाटी असेल तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि संध्याकाळी पाण्यात उतरायचे नाही, एवढे पाळले की पुरते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे स्कूबाच्या तयारीत असताना, मुलगा हॉटेलसमोरच्या उघड्या पडलेल्या खडकांवर अनवाणी गेला आणि तळपाय कापला. प्रवाळाची जखम लहान दिसते, पण त्यात बारीक कण राहतात आणि ती चिघळते. स्वच्छ पाणी आणि साबणाने भरपूर धुऊन, कण चिमट्याने काढून, जंतुनाशक लावून ती कोरडी ठेवली. त्याचे एलिफंट बीचवरचे पाण्यात उतरणे त्यामुळे हुकले. घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट सामानात होते, पण बॅगेत. ते पहिल्या दिवसापासून दाराशी असायला हवेत.

स्कूबात मुलगी बारा मीटरपर्यंत सहज गेली. वडिलांचा उजवा कान चार मीटरवर अडला. प्रशिक्षकाने दोनदा वर घेऊन पाहिले आणि तिथेच थांबवले. पैसे पूर्ण गेले, कान शाबूत राहिला. प्रवाळाबद्दल मात्र मुलीची निराशा झाली. २०१० आणि २०१६च्या तापलेल्या पाण्यात अंदमानचे बरेचसे उथळ प्रवाळ पांढरे पडले आणि मेले. मासे भरपूर दिसतात, पण जाहिरातीतले रंग उथळ पाण्यात सगळीकडे मिळत नाहीत. हे मुलांना आधी सांगून न्यावे. तुटलेला प्रवाळ किंवा शंख खिशात घालू नये, हेही. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख नेणे वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

चौथ्या दिवशी एलिफंट बीचला आई, वडील आणि मुलगी गेले. छोट्या बोटीतून गुडघाभर पाण्यात उडी टाकून उतरावे लागते, त्यामुळे आजी-आजोबांचा प्रश्नच नव्हता. आजी आणि नातू गाडीने कृष्णनगरच्या बाजाराकडे गेले. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्यांनी सर्वांचे पाय फोडले. त्या पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, खाज आठवडाभर राहते. खोबरेल तेलाचा जाड थर आणि लांब पायजमा यांनी बराच बचाव होतो. आजोबांनी तो केला होता, बाकीच्यांनी नाही.

पाचव्या दिवशी दुपारची बोट तांत्रिक कारणाने रद्द झाल्याचा संदेश सकाळी आला. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीच्या बोटीत चार जागा आणि सरकारी बोटीत दोन जागा मिळाल्या. वडील आणि मुलगी सरकारी बोटीने गेले, बाकी चौघे खासगी बोटीने, आणि रात्री साडेसातला सगळे पोर्ट ब्लेअरच्या एकाच हॉटेलात होते. सहा जागा एकत्र मिळवण्यासाठी अडून बसले असते, तर ती रात्र हॅवलॉकलाच गेली असती.

उत्तर कधी बदलले असते

याच कुटुंबाच्या तारखा अमावास्येच्या आगेमागे असत्या, तर हिशेब वेगळा मांडावा लागला असता. सकाळी नऊ-दहाला भरती म्हणजे भरतपूरला मुलांना सकाळभर पाणी. दुपारी तीनला उधाणाची ओहोटी म्हणजे कमान पूर्ण उघडी, आणि त्यानंतर लक्ष्मणपूरचा सूर्यास्त. त्या तिथींना चालत्या-फिरत्या चौघांसाठी नील नक्कीच श्रेष्ठ. आजींच्या गुडघ्यांमुळे या घरासाठी तेव्हाही हॅवलॉकच राहिले असते, पण पाचव्या दिवशीचा नीलचा फाटा वडील आणि मुलीसाठी विचारात घेण्यासारखा झाला असता.

नवविवाहित जोडप्याला किंवा आठवडाभर निवांत राहू पाहणाऱ्यांना नीलच सुचवावे. सायकलवर सगळे बेट होते, आणि दोन रात्रींनंतरच त्याची चव कळते. स्कूबाचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर तीन-चार दिवस सलग हॅवलॉक. दिवाळीत जाणाऱ्यांनी बेट कोणतेही घ्यावे, पण परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला एकाऐवजी दोन रात्री ठेवाव्यात, आणि निघण्याच्या आधीपासून रोज हवामान खात्याचा पोर्ट ब्लेअरचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. उंच लाटांचा इशारा असेल त्या सकाळी जेटीवर रांगेत उभे राहण्याआधी बोट कंपनीला फोन लावायचा आणि सरकारी बोटीच्या खिडकीवर एका माणसाला आधीच पाठवून ठेवायचे.